काळ्या नाखव्याचे डोळे

सन २०७१मध्ये सावंतवाडीच्या चितारआळीत सगळ्यात जास्त मागणी होती ती दुष्टांना. रत्नमाला चितारी यांच्या दुकानात येणारी मुलं ‘दर्यासप्तक’ या खेळातल्या राजपुत्राकडे ढुंकूनही बघत नसत. त्यांना हवा असे काळा नाखवा. सात समुद्रांवरच्या दीपगृहांचे दिवे विझवत फिरणारा, पिळदार दाढीचा, गळ्यात शिंपल्यांची माळ घातलेला खलनायक. कुणाला तो एकाच डोळ्याचा हवा, कुणाला खांद्यावर मगर बसलेला. रत्नमालाबाई साठीला टेकल्या होत्या, पण अशी फर्माईश आली की त्यांचा चेहरा उजळायचा. “मगर पोरांच्या अंगावर धावली तर माझ्याकडे तक्रार आणू नका हं!” असं म्हणत त्या खारीच्या केसांचा कुंचला उचलायच्या.

हे नुसतं गमतीचं बोलणं नव्हतं. पूर्वी संगणकावरच्या खेळातली पात्रं कशी वागणार, हे आधी लिहून ठेवलेल्या आज्ञांवरून ठरत असे. आता तसं राहिलं नव्हतं. पात्राला एक मोकळी बुद्धी दिलेली असे आणि ती बुद्धी स्वतःचं चित्र वाचून स्वतःचा स्वभाव ठरवी. आरशात आपण रुबाबदार दिसलो की चालही आपोआप ताठ होते ना, तसंच काहीसं. स्वभाव ठरवणाऱ्या या चित्राला शास्त्रज्ञ ‘रूपबीज’ म्हणत. ते यंत्रानं छापलं की सगळी पात्रं एकाच साच्यातली निघत. हातानं रंगवलं की प्रत्येक रेघेबरोबर स्वभावाला वेगळा पीळ पडे. त्यामुळे सावंतवाडीच्या गंजिफांना, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल, लाखेनं चकाकणाऱ्या पत्त्यांना अचानक सोन्याचे दिवस आले होते. चिंचोक्याची खळ देऊन घोटलेल्या पानावर चित्र काढायचं, लाखेखाली केसाहून पातळ असं एक जाणतं पटल बसवायचं, की झालं. पान खेळाच्या मेजावर ठेवलं की मेजावर समुद्र उसळे आणि त्यातून ते पात्र जहाजासकट वर येई.

एका शनिवारी कुडाळहून चारुता परब नावाची अकरा वर्षांची मुलगी आली. आईला बाहेरच्या बाकावर बसवून ती एकटीच आत शिरली.

“आजी, माका काळो नाखवो होयो. पण मुद्दाम हरणारो नको.”

“मुद्दाम कोण हरता गो?”

“तोच! काल मी डोळे मिटून खेळलंय. तरी जिंकलंय!”

रत्नमालाबाईंना हसू आलं. पण पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. वर्षभर मिरवलेली सगळी बक्षिसं तिनं त्या सकाळी कपाटातून काढून टाकली होती.

दुपारी बाईंनी पुण्याला डॉ. यामिनी पेठकरांना फोन लावला. नाखव्याला बुद्धी दिली होती ती या डॉक्टरांनीच.

“मुलगी हुशार आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “आम्ही त्याला रंजनमर्यादा म्हणतो. खेळणाऱ्याचा श्वास, बोटांचा वेग, चूक किती वेळात लक्षात येते, यावरून नाखवा त्याची ताकद ओळखतो आणि स्वतः केसभर कमी खेळतो. सारखं हरणारं मूल खेळ सोडून देतं, रत्नाताई.”

“म्हणजे आजवर त्याला कुणीच खरं हरवलं नाही?”

“चार कोटी मुलं खेळतात. एकानंही नाही.”

“मग ती मर्यादा काढून टाका की.”

“ती माझ्या हातात नाही, तुमच्या हातात आहे. मूळ चित्रात नाखवा समोर बघतो, थेट खेळणाऱ्याच्या डोळ्यांत. त्यावरूनच त्याला वाटतं की आपण याला खूश करायला जन्मलोय. एखाद्या पानावर ते डोळे बदलायची चित्रकाराला मुभा आहे. बघा जमतं का.”

बाईंना ते आव्हानच वाटलं. पहिल्या पानावर त्यांनी लालभडक डोळे आणि ओठांबाहेर आलेले सुळे काढले. पुढच्या शनिवारी चारुतासमोर ते पान दुकानातल्या मेजावर ठेवलं, तर नाखवा रागानं इतका थयथयाट करू लागला की स्वतःचंच जहाज त्यानं खडकावर घातलं. चारुता पोट धरून हसली. दुसऱ्या पानावर त्यांनी डोळे निळसर, थंडगार, अर्धवट मिटलेले ठेवले. तो नाखवा डेकावर बसून नखं कोरत राहिला. खेळायची त्याला इच्छाच नव्हती.

“दुष्ट पण नाय आणि कामाचो पण नाय,” चारुता म्हणाली.

बाई दोन दिवस कुंचला न उचलता बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी रंग घोटताना त्यांना आप्पा आठवले. त्यांचे वडील गंजिफा रंगवायचे तसे खेळायचेही. हातात पानं आली की समोर मुलगी आहे, शेजारी आहे की मोठा साहेब, हे ते विसरून जात. जिभेचं टोक दातांत धरून नुसते पानांकडे बघत. छोट्या रत्नाला त्यांनी कधी एक डाव सोडला नाही. तिला त्याचा कधी राग आला नव्हता. तिला वाटायचं, आपण मोठे आहोत म्हणून आप्पा आपल्याशी असे खेळतात.

बाईंनी कुंचला उचलला. नाखव्याची बुबुळं खाली वळवली, खेळणाऱ्याकडून काढून पाण्याकडे. कपाळावर एकच आठी घातली. आणि आप्पांसारखं जिभेचं टोक दातांत धरलेलं काढलं.

या नाखव्यानं चारुताला चार मिनिटांत हरवलं. तिचे कान लाल झाले. आता ही रडणार, म्हणून बाई पुढे सरसावल्या, तर पोरगी मेजावर मूठ आपटून ओरडली, “परत!”

पुढचे तीन महिने दर शनिवारी ती येत राहिली. आळीतली मुलंही दारात गर्दी करू लागली. ती हरली की सगळे तावातावानं वाद घालत, कुठे चुकलं, वारा कधी फिरला. कोळशानं दुकानाच्या भिंतीवर नकाशे काढले गेले. बाईंनी आधी आरडाओरडा केला आणि मग भिंत पुसणं सोडून दिलं. त्रेचाळीस डाव गेले. चव्वेचाळिसाव्या डावात चारुतानं आपल्या सातपैकी सहा दीपगृहं स्वतःच विझवली. अंधारात नाखव्याचं जहाज निर्धास्त पुढे आलं आणि तिनं सातवा दिवा त्याच्या पाठीमागे पेटवला. पेटत्या दिव्याचा उजेड नाखव्याला ओलांडता येत नाही, हा खेळाचा नियमच होता. परतीची वाट बंद!

नाखव्यानं पहिल्यांदाच पाण्यावरून नजर उचलली. चारुताकडे पाहिलं. दाढी हलेपर्यंत तो हसत सुटला. मग त्यानं गळ्यातली शिंपल्यांची माळ काढून तिच्यापुढे ठेवली. असं करायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पोरांनी चारुताला खांद्यावर घेऊन आळीभर मिरवलं. बाईंनी टोपलीभर गोड खाजं वाटलं आणि आप्पा गेल्यापासून इतक्या मोकळेपणानं त्या पहिल्यांदाच हसल्या.

ही बातमी ऐकून डॉ. पेठकर स्वतः आल्या. त्रेचाळीस पराभवांनंतरही मूल खेळतं, यावर त्यांचा विश्वासच बसत नव्हता. मूळ खेळात त्यांचं स्थान सर्वांत वरचं होतं. त्या हसत मेजाशी बसल्या आणि सहा मिनिटांत हरल्या. पुन्हा हरल्या. तिसऱ्यांदा हरल्यावर चारुता त्यांना समजुतीच्या सुरात म्हणाली, “मॅडम, तुम्ही त्याची चाल बघायच्या आधीच जिंकल्यासारखं खेळता.”

डॉक्टरांनी पान उचलून नाखव्याचे डोळे न्याहाळले.

“रत्नाताई, रंजनमर्यादा माझी कल्पना नव्हे,” त्या म्हणाल्या. “लहानपणी मला एक यंत्र शिकवायचं. त्याच्या आराखड्यातून मी ती उचलली. मूल खचू नये म्हणून ते प्रश्न केसभर सोपा करायचं. माझा नेहमी पहिला नंबर यायचा. वर्गातल्या प्रत्येकालाच वाटायचं, आपला पहिला नंबर.”

“मग?”

“माझ्या पिढीतले सगळे त्याच यंत्रांकडे शिकले. शस्त्रक्रिया करणारे, पूल बांधणारे, मी. आमच्या परीक्षाही त्यांनीच घेतल्या.” त्यांचा आवाज खाली आला. “मला खरंच काय येतं, हे मी कुणाला विचारू?”

चारुतानं पान पुन्हा मेजावर सरळ मांडलं आणि डॉक्टरांची खुर्ची पुढे ओढली. डॉक्टरांनी बाह्या वर सारल्या.

महिन्याभरात कुणालाही डाव न सोडणाऱ्या या पानाची आणि डॉक्टरांच्या त्या प्रश्नाची वार्ता सगळीकडे पसरली. चितारआळीत पहाटेपासून रांग लागू लागली आणि त्या रांगेत पहिल्यांदाच मोठी माणसं होती. डॉक्टर होते, इंजिनियर होते, न्यायाधीश होते. बाई दुकान उघडत, मेज पुसत, नाखव्याचं पान मांडत आणि दारात येऊन आनंदानं हाक मारत, “या, कोण बसतंय पहिल्यांदा?”

रांगेतली माणसं एकमेकांकडे बघत आणि मागच्याला म्हणत, “तुम्ही व्हा पुढे.”