टेकाडावरचा झेंडा

दोन्ही गाड्यांच्या नाकांमध्ये हातभर अंतर उरलं होतं.

वाळूच्या टेकाडाच्या अगदी माथ्यावर, जिथे चढणाऱ्याला समोर फक्त आभाळ दिसतं, तिथे पश्चिमेकडून मेरिन टलक आणि पूर्वेकडून कोणी अनोळखी माणूस, दोघांनी एकाच क्षणी गाडी वर काढली होती. ब्रेकही एकदमच दाबले गेले. वाळू उडाली, काचांवर बसली, आणि मग इतकं शांत झालं की खालच्या बाभळीतल्या पोपटांचा कलकलाट ऐकू यायला लागला.

मेरिन उतरली. दार तिने असं आपटलं की पोपट उडाले.

“झेंडा कुठे आहे तुझा?”

तो माणूस उतरला. उंच, उन्हाने नाक सोललेला, छातीशी एक वही धरलेली. त्याने आधी आपल्या गाडीच्या नाकाकडे पाहिलं, मग तिच्या.

“तुझा कुठे आहे?”

आमच्याकडे टेकाडात शिरायचं तर गाडीच्या नाकावर लांब काठी आणि तिच्या टोकाला नारिंगी झेंडा लावायचाच. गाडीच्या आधी झेंडा दिसतो आणि माणसं वाचतात. शिवाय चढण्याआधी रेडिओच्या दहा नंबरवर आपण कुठे आहोत ते सांगायचं. मेरिन सहा वर्षं हे दोन्ही करत आली होती. पण तिचा झेंडा तिच्या बंद पडलेल्या गाडीवर राहिला होता, आणि ही गाडी विक्रेत्याकडून दोन दिवस चालवून बघायला आणलेली.

“ही माझी नाही,” ती म्हणाली.

“ही पण माझी नाही. बघायला घेतलीय.”

“रेडिओवर का नाही बोललास?”

“बोललो ना. अकरा नंबरवर.”

“दहा.”

“अच्छा...” त्याने वही उघडून ते लिहून घेतलं. “आणि तू?”

मेरिनने रेडिओ चालूच केला नव्हता. नव्या गाडीत त्याचं बटण कुठे आहे ते तिला सापडलं नव्हतं. हे ती मरेपर्यंत कोणाला सांगणार नव्हती, म्हणून तिचा राग दुप्पट झाला.

“माझ्या गाडीत चारशे किलोचं ओझं आहे. ओझंवाल्याला वाट द्यायची असते. मागे घे.”

त्याने निमूटपणे मागे घेतली. तो मध्येच ब्रेक दाबेल, चाक वळवेल, आडवा होईल आणि मग आपल्याला त्याला ओढून काढावं लागेल, या सगळ्याची तिने मनातल्या मनात तयारी केली होती. पण तो सरळ, सावकाश, गिअरच्या जोरावर खाली गेला. मेरिनला हेही आवडलं नाही.

खाली पोचल्यावर ती त्याच्या चाकाशी बसली. टायर दगडासारखे टणक.

“डांबरी रस्त्याची हवा घेऊन वाळूत आलास?”

“किती ठेवायची?”

“सोळा.” तिने काडीने टायरचं तोंड दाबलं. हवा फुसफुसत सुटली. “बस इकडे. दुसरं तू कर. मी काय नोकर आहे?”

तो शेजारी बसला. नाव रॉरी पेनहॉल, म्हणाला. चार टायरांना वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटं शेजारी बसून कोणावर सलग रागवणं तसं कठीण असतं... पण मेरिनने निभावलं.

तिची अडचण अशी होती. दर शुक्रवारी कॅरावी गावातून निघून अकरा गुरांच्या वस्त्यांवर टपाल, औषधं, सुटे भाग आणि किराणा पोचवायचा. सहाशे किलोमीटर, अर्धे वाळूचे. आधी हे काम तिचे वडील करायचे, मग ती. प्रत्येक वस्तीवर टपालाची एक वही असे, तीत ‘उशिराचं कारण’ असा रकाना होता, आणि सहा वर्षांत मेरिनच्या नावापुढे तो कोरा होता. जूनमध्ये जुन्या गाडीचं इंजिन कायमचं गेलं, आणि तेव्हापासूनच्या फेऱ्या तिने मागून आणलेल्या गाड्यांवर कशाबशा वेळेत भागवल्या होत्या. येत्या गुरुवारपर्यंत कोणती गाडी घेणार ते टपाल कचेरीला कळवायचं होतं. नाहीतर शहरातल्या एका वाहतूक कंपनीने त्याच फेरीसाठी अर्ज केलेलाच होता.

गाड्या दोनच कामाच्या होत्या. ड्रोव्हर, ती चौकोनी, जिला पाट्यांच्या स्प्रिंगा असतात आणि जी हातोडीने दुरुस्त होते; आणि केस्ट्रल, ती नवी गोलसर, जी सगळं स्वतःच ठरवते. आज मेरिनकडे ड्रोव्हर होती. रॉरीकडे केस्ट्रल.

“तासभर अदलाबदल करू या?” तो म्हणाला. “तुलाही दोन्ही बघायच्यात, मलाही.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“काहीच नाही. म्हणून तर.”

मेरिनने मागच्या दारातून अंड्यांचा खोका काढला. दोन डझन. ड्रोव्हरच्या धक्क्यांनी त्यातली सात फुटली होती.

“हे काय?”

“परीक्षा. पाचव्या वस्तीवर डॉट कावना राहते. तिच्या कोंबड्या रानकुत्र्यांनी खाल्ल्या. तिला दर शुक्रवारी दोन डझन अंडी लागतात, आणि फुटलेलं अंडं हातात दिलं तर ती महिनाभर बोलत नाही.”

“आणि बोलली तर?”

“ते जास्त वाईट.”

तो हसला. मेरिनने फुटलेली अंडी काढून जास्तीची आणलेली सात भरली आणि खोका केस्ट्रलमध्ये ठेवला.

केस्ट्रलने तिला पहिल्या मिनिटापासून चिडवलं. पट्टा लावा. वेग कमी करा. समोर अडथळा आहे. अडथळा म्हणजे गवताची काडी होती. बसायची जागा आपोआप गरम झाली तेव्हा तर ती दचकून शिवी देऊन मोकळी झाली. जुलै म्हणजे आमच्याकडे हिवाळा, त्यात ती गार सकाळ. पाठीला ऊब फार बरी वाटत होती, आणि ते कबूल करायचं नव्हतं. तीन टेकाडं ओलांडून तिने खोका उघडला. एकही अंडं फुटलं नव्हतं.

“चोवीस,” रॉरी वाकून म्हणाला.

“मला मोजता येतं.”

“मग ही घे की.”

“तुझ्या या पाळण्यात डिझेल किती मावतं? आठवी वस्ती येईपर्यंत टाकी कोरडी. आणि धूळ बसून तिच्या कॅमेऱ्याचा डोळा मिटला की ती जागची हलत नाही. तेव्हा काय, तिला अंगाई म्हणू?”

त्याच वेळी केस्ट्रलने टिंग केलं आणि पडद्यावर लिहिलं: पुढचा डोळा झाकला आहे, गाडी सुरक्षित ठिकाणी थांबवा. रॉरीने रुमाल काढला आणि गुडघ्यावर बसून गाडीचा डोळा पुसला, रडणाऱ्या मुलाचा पुसावा तसा. मेरिनला हसू फुटलं. तिने ते खोकल्यात लपवलं. त्याने पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं...

दुपारी त्यांनी बाभळीखाली चहा ठेवला. पिवळी फुलं टपटप चहात पडत होती. तो विचारत होता आणि ती सांगत होती. कोणतं फाटक उचलून उघडावं लागतं. पाऊस पडला तर कुठली चिकणमाती आठवडाभर गाडी गिळून बसते. सातव्या वस्तीवरचा म्हातारा पत्र वाचून दाखवल्याशिवाय सोडत नाही, त्याची वीस मिनिटं धरायची. मेरिन वर्षभरात एवढं बोलली नव्हती. त्याची पेन्सिल थांबायची तेव्हा तो तिच्याकडे बघत असायचा, आणि मग पुन्हा घाईने लिहायला लागायचा.

“आणि गाडी नाही ठरली तर?” त्याने विचारलं.

“ठरेल. गुरुवारपर्यंत टपाल कचेरीला कळवीन. नाहीतर शहरातली एक वाहतूक कंपनी ही फेरी घेईल, आणि म्हाताऱ्याचं पत्र त्याच्या फाटकावर फेकून जाईल.”

पेन्सिल थांबली. या वेळी त्याने वर पाहिलं नाही.

“मेरिन... ती कंपनी... मला तिनेच पाठवलंय. गाडी निवडायला आणि रस्ता समजून घ्यायला. फेरी रिकामी आहे असं मला सांगितलं होतं, ती तुझ्याकडून जाणार ते आत्ता कळलं. शपथेवर सांगतो.”

तिचा चहा तसाच राहिला.

“परत दे,” ती म्हणाली.

“काय?”

“मी बोलले ते. सगळं. परत दे.”

त्याने वहीतली पानं फाडली, घडी केली आणि पुढे धरली. तिने हात लावला नाही.

“कागद फाडून डोक्यातलं जातं का? सहा वर्षं लागली मला ते शिकायला. वडिलांना तीस. आणि मी तुला चहासोबत दिलं.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “हवा भर टायरात. डांबरी रस्त्यावर सोळावर चालवलंस तर फुटतील.”

एवढं बोलून ती ड्रोव्हर घेऊन निघाली. दोन टेकाडं गेल्यावर तिला स्वतःचाच संताप आला. त्याचे टायर फुटले असते तर तिचं काय जाणार होतं?

गुरुवारी बारीक पाऊस होता. टपाल कचेरीत ओल्या धुळीचा वास भरला होता. मेरिन अर्ज घेऊन खिडकीशी उभी होती, आणि मागून रॉरी आत आला. केस ओले, हातात लांबलचक गुंडाळी.

“तुझ्या कंपनीची रांग तिकडे,” ती म्हणाली.

“कंपनी अर्ज मागे घेतेय. मी तसं लिहिलं.”

मेरिन वळली. आजूबाजूच्या चार माणसांनी आपापली पत्रं वाचायला घेतली.

“कोणी सांगितलं तुला?”

“कोणी नाही.”

“मग मला दान का देतोस? मी हरले असते असं वाटलं तुला? मला जिंकायचं होतं, रॉरी. तू मला जिंकवलंस. आता आयुष्यभर मला कळणार नाही की फेरी माझी होती का तुझ्या दयेची.”

“वाच तरी,” तो म्हणाला आणि अहवालाची प्रत खिडकीच्या फळीवर ठेवली.

दोन ओळी होत्या. ‘गाड्या दोन्ही चालतील. या रस्त्यावर चालेल असा माणूस आपल्याकडे नाही.’

मेरिनने त्या तीनदा वाचल्या. खोटं काहीतरी सापडावं म्हणून.

“यात खोटं काय आहे?” रॉरीने विचारलं. “मी अकरा नंबरवर बोलणारा माणूस.”

“गाडी कोणती घ्यावी ते लिहिलं नाहीस.”

“ते तू ठरव.”

तिने त्याच्याकडे पाठ केली आणि अर्जात ‘ड्रोव्हर’ असं इतक्या जोरात लिहिलं की कागद फाटला. नवा कागद घ्यावा लागला. ती वळली तेव्हा तो गेलेला होता. फळीवर गुंडाळी होती. उलगडली तर कोरा नारिंगी झेंडा, कडेला हाताने घातलेले वाकडेतिकडे टाके. सोबत चिठ्ठी नव्हती. मेरिनला त्याचाही राग आला. एक ओळ लिहायला काय झालं होतं?

झेंडा तिने लावला. नियम आहे म्हणून.

मधे चार शुक्रवार गेले. ड्रोव्हरमध्ये अंड्यांचा खोका मागे नाही, तिच्या शेजारच्या जागेवर असायचा, दोन उशांमध्ये, पट्टा बांधून. एखाद-दुसरंच फुटायचं. रॉरी परत शहरात गेला असं कोणी म्हणालं, नोकरी सोडली असं कोणी म्हणालं. मेरिनने चौकशी केली नाही. फक्त टेकाड चढताना रेडिओ दहावर ठेवून, एकदा उगाच अकरावर फिरवून बघायची.

पाचव्या शुक्रवारी, त्याच टेकाडाखाली, माथ्यापलीकडे एक नारिंगी ठिपका हलताना दिसला. मग काठी. काठी इतकी उंच की कोणाही शहाण्या माणसाने लावली नसती. मेरिनने ब्रेक दाबला. पलीकडचा झेंडाही थांबला.

रेडिओ खरखरला. “दहा नंबर. रॉरी पेनहॉल, रानकुत्री अडवणाऱ्या कुंपणाचा दुरुस्तीवाला. पूर्वेच्या उतारावर उभा आहे. ओझं नाही. समोरच्याने आधी यावं.”

मेरिनने माइक उचलला. आवाज तिने मुद्दाम कडक केला.

“एक महिना. एक महिना तोंड दाखवलं नाहीस.”

“कुंपणाचं काम शिकत होतो. शिकल्याशिवाय तुझ्यासमोर यायचं नव्हतं... टायर सोळावर आहेत.”

“मोठं काम केलंस.”

“मेरिन. मला गाड्यांतलं कळत नाही. पण त्या दिवसापासून कुठलंही टेकाड आलं की माथ्यापलीकडे तू असशील असं वाटतं. मी तुझ्या प्रेमात पडलोय. तू रागावलीस तरी चालेल. रागावलेली तूच मला माहीत आहेस.”

“दहा नंबर सगळ्यांसाठी उघडा असतो, मूर्खा. अख्खं वाळवंट ऐकतंय.”

“माहीत आहे. या वेळी नंबर बघून घेतला.”

रेडिओ पुन्हा खरखरला. मग तिसराच आवाज आला, जाड, म्हातारा. डॉट कावनाचा.

“मुली, त्याला काय ते सांगून टाक. मला केकचं पीठ भिजवायचंय, आणि अंडी तुझ्याकडे आहेत.”

मेरिनने माइक आपटला. मग पुन्हा उचलला.

“चालत वर ये,” ती म्हणाली. “गाडी तिथेच ठेव. मी पण चालत येते. आणि हसू नकोस, मला इथपर्यंत ऐकू येतंय.”

वाळूत पाय पिंढऱ्यांपर्यंत रुतत होते. माथ्यावर पोचेपर्यंत तिला धाप लागली, त्यालाही. ती रागाचं बरंच काही ठरवून आली होती. पण त्याचं नाक पुन्हा सोललं होतं, बोटांना तारेचे ओरखडे होते, आणि तिला त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. तिने त्याचा हात धरला आणि ओरखडे बघत राहिली.

“हातमोजे घालत जा,” ती शेवटी म्हणाली. “मला हे हात नीट हवेत.”

त्या दिवशी पाचव्या वस्तीवर टपाल तासभर उशिरा पोचलं. अंडी चोवीसच्या चोवीस धड होती. डॉटने ती मोजली, मेरिनच्या केसांतली वाळू बघितली, आणि चष्मा लावून टपालाची वही उघडली. सहा वर्षं कोऱ्या असलेल्या त्या रकान्यात तिने ठळक अक्षरांत लिहिलं: ‘समोरून झेंडा आला.’

“खोड ते,” मेरिन म्हणाली.

डॉटने वही मिटून मांडीखाली घेतली.