निळा धूर गेला कुठे?

“ताई, बंद कर! आधी इंजिन बंद कर!” ओरडतच भिंग धावली.

ताईनं वैतागून बाइक बंद केली. शर्यत आता सुरू होणार होती, आणि या मामेबहिणीला नेमकं आत्ताच काहीतरी सुचलं होतं! ऊठसूट शंका काढते म्हणून घरात सगळे तिला भिंगच म्हणत. सुट्टीभर ती आणि तिचा धाकटा भाऊ बडबड्या यांनी आत्याच्या, म्हणजे ताईच्या आईच्या, गॅरेजवर मुक्काम ठोकला होता.

“आता काय झालं?” ताईनं विचारलं.

“धूर कुठाय?”

“नाही ते बरंच की!” बडबड्या म्हणाला.

“बरं कसलं, शहाण्या! सकाळी निळा धूर येत होता. टू-स्ट्रोक आहे ही!”

मैदानावरच्या बाकी बाइक फोर-स्ट्रोक होत्या. त्यांचं ऑइल इंजिनाच्या पोटात वेगळं असतं. ताईच्या टू-स्ट्रोकला मात्र ते पेट्रोलमध्येच मिसळून पाजावं लागतं, आणि तेच जळून निळा धूर होतो. ऑइल नसेल तर भर वेगात इंजिन जाम, मागचं चाक जागीच अडकणार, आणि ताई...

“मिश्रण मी स्वतः केलंय,” आत्या म्हणाली. “उगाच काहीतरी काढू नकोस.”

“मग बघूया ना!”

भिंगनं आत्याकडून टाकीतलं थोडं पेट्रोल काढून घेतलं. एक थेंब त्याचा, एक आत्यानं मिश्रण केलेल्या कॅनमधला, दोन्ही एकाच कागदावर टाकले. थोड्याच वेळात कागद सुकला. कॅनच्या थेंबाचा तेलकट डाग राहिला. टाकीच्या थेंबाचा मागमूसही नव्हता!

आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. “कोणीतरी पेट्रोल बदललंय!”

“तो लाल हेल्मेटवाला!” बडबड्या कुजबुजला. “सकाळपासून डोळे वटारून बघतोय!”

भिंगला मात्र दुसरीच शंका होती. “मी दुपारभर खुर्चीतून उठलोच नाही,” असं मैदानाचे मॅनेजरकाका मघाशी सगळ्यांना सांगत होते. मग त्यांच्या पँटवर गुडघ्यापर्यंत शर्यतीच्या वाटेवरचा ओला चिखल कसा?

ती साळसूद चेहरा करून त्यांच्याकडे गेली.

“काका, ताईची बाइक काय मस्त सुरू झाली! कोणीतरी झकास पेट्रोल भरलंय. त्या माणसाला सगळ्यांसमोर हार घालायला हवा!”

मॅनेजरकाकांची छाती फुगली. “अगं, मीच तो! जेवणाच्या सुट्टीत गंमत म्हणून फिरवली. टाकी रिकामी झाली, म्हणून माझ्या कॅनमधलं भरलं. एकदम शुद्ध! तुमच्यासारखं तेलकट नाही!”

“तुमची बाइक फोर-स्ट्रोक, नाही का?” मागून आत्याचा आवाज आला.

काकांचं तोंड एवढंसं झालं. पोरीच्या जिवाशी खेळ झाला होता म्हणून आत्यानं त्यांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. मग त्यांनीच शर्यत थांबवून ठेवली, आणि आत्यानं टाकी रिकामी करून नवं मिश्रण भरलं. ताईनं किक मारली. काही वेळानं निळा धूर भपकन निघाला, तो थेट काकांच्या नाकात!

ताई तिसरी आली, छोटासा कपही मिळाला. पण आत्या कपाकडे बघतच नव्हती. ती ताईचे हातपाय चाचपत होती. मग तिनं भिंगला घट्ट जवळ घेतलं.

“तू होतीस म्हणून माझी पोरगी धडधाकट परत आली गं. यापुढे तुझी एकही शंका उडवून लावणार नाही!”

“मग आत्ता एक आहे,” भिंग गंभीरपणे म्हणाली. “मॅनेजरकाकांना हार कधी घालायचा?”