पुसू नये

भिंगरीचं काम कानांचं. दवाखान्यातल्या काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, हेडफोन चढवायचे, बारीक शिट्टी वाजवायची आणि म्हणायचं, ऐकू आली की बटण दाबा. इतकी वर्षं हेच करून एक गोष्ट तिला पक्की कळली होती. न वाजलेली शिट्टी ऐकून बटण दाबणारे काही कमी नसतात. त्यांना वेडं म्हणायचं कारण नाही, कानाला रिकामं बसवत नाही एवढंच. त्यामुळे 'मी स्वतः ऐकलं हो' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, की भिंगरी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, बरं.

हे आधी सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते हिनंच स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

भिंगरी हे आईनं ठेवलेलं लाडाचं नाव. पण त्या नावानं तिला घरात कुणी हाक मारून वर्ष होत आलं होतं. आईला झटका आला, हातपाय वाचले, बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण जिभेवर एकच शब्द उरला होता. पुरे. चहा देऊ? पुरे. पंखा लावू? पुरे. लेकीच्या गळ्यात पडून रडली तरी पुरे, पुरे.

आणि तो शब्द आईचा नव्हताच मुळी. तो बाबांचा.

बाबा कधी ओरडले नाहीत, हात तर कधी उगारलाच नाही. बाहेर देवमाणूस म्हणून नाव. घरात मात्र आधी घसा खाकरायचे आणि मग म्हणायचे, पुरे. हसणं पुरे. शेजारी बसणं पुरे. गाणं तर पुरेच पुरे. ते जाऊन बराच काळ लोटला होता, पण शब्द मागे ठेवून गेले, तोही आईच्या तोंडात. भिंगरीला याचा असा संताप यायचा की विचारू नका.

"यांचं जुनं गाणंबिणं असेल तर ऐकवा," आईला पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "बोलणं जातं तिथंही कधीकधी गाणं शिल्लक राहतं. त्याचं बोट धरून शब्द परत येतात."

आईचं गाणं होतं. एका कॅसेटवर, एकच. बाबा कामावर गेले की शिवणयंत्राशी बसून, मामानं दिलेल्या टेपरेकॉर्डरवर भरलेलं, तिचं तिनंच रचलेलं. कॅसेटच्या कडेचे प्लॅस्टिकचे दोन तुकडे तिनं केसांतल्या आकड्यानं मोडून टाकले होते. ते मोडले की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. वर चिकटवलेल्या कागदावर तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: पुसू नये.

रविवारी भर दुपारी भिंगरीनं जुना डेक कॉम्प्युटरला जोडला. आधी नुसतंच ऐकून पाहिलं. यंत्राची खडखड, आणि मग आई. तरुण, मोकळी, जरा खोडकरच.

पल्याड जायचं, नाव दे, माझी मला वाट दे...

गाणं पार शेवटपर्यंत आलं. मग दार वाजलं. घसा खाकरला. "पुरे." आणि खट्.

"इथंही आलातच का कडमडायला?" भिंगरी म्हणाली. कॅसेट मागे घेतली आणि कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग चालू केलं.

या वेळी 'पुरे' शेवटच्या कडव्याच्या आधी आलं.

फीत ताणली असेल, तिला वाटलं. तिनं डेकचं हेड कापसानं पुसलं, कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून फीत घट्ट केली, पुन्हा लावलं. आता मधलं कडवंही गेलं होतं. खट् झाल्यावर पुढे नुसती शांतता. पण शांततेतही फरक असतो, तो भिंगरीला कुणी शिकवायला नको. कोऱ्या फितीची शांतता सळसळते. ही खोलीतली होती. दारात कुणीतरी उभं राहून श्वास घेत असावं तशी.

तिनं आधी साठवलेली फाइल उघडली. तिच्यातही तेवढंच उरलं होतं.

तिनं दादाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाला, "सोड. जुनी मढी उकरून कुणाचं भलं झालंय? आता वाजवू नकोस, म्हणजे आहे तेवढं तरी राहील."

"ठेवून काय लोणचं घालू? बोलणं आईचं गेलंय, दादा. कॅसेटचं नाही."

दादाचं म्हणणं खोटं नव्हतं. आणखी एकदा वाजवली तर आईच्या आवाजातला एक शब्दही उरणार नाही, हे तिलाही कळत होतं. तरी ती उठली, आईला हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं, पुढ्यात माइक ठेवला आणि स्पीकर मोठा केला.

खडखड. पल्याड जायचं, नाव दे...

आईनं झटकन वर पाहिलं. ओठ हलले.

दार वाजलं. घसा खाकरला. आईची मान आपोआप खाली गेली, अगदी तेव्हा जायची तशी.

"पुरे," स्पीकर म्हणाला.

"पुरे," आई म्हणाली.

"नाही पुरे!" भिंगरी उभीच राहिली. "बाबा, तुम्ही मेलात. आमच्या हातानं पोचवून आलोय तुम्हाला. आई, तू गा."

खट् वाजलं नाही. तो श्वास तेवढा ऐकू येत राहिला. मग पुन्हा, स्पीकरच्या अगदी तोंडाशी:

"पुरे."

"ऐकलं मी," भिंगरी म्हणाली. "पण ऐकणार नाही."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग घशातून नुसता सूर आला, गंजलेल्या कडीसारखा.

"...दे," ती म्हणाली. "वाट दे."

स्पीकरमध्ये घसा खाकरला. आईनं आवाज चढवला.

पुन्हा खाकरला. आई थांबली नाही. फितीनं गिळलेलं मधलं कडवं आलं. शेवटचं आलं.

"आडवा नको येऊ, वाट दे!"

कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिच्या आवाजाच्या रेघा काठाला लागल्या होत्या. भिंगरी ढसाढसा रडत होती.

गाणं संपलं.

स्पीकरमध्ये घसा खाकरला. शब्द आला नाही.

पुन्हा खाकरला. श्वास घेतला, जीभ टाळूला लागल्याचा आवाज आला, आणि पुढे काहीच नाही. हे भिंगरीच्या ओळखीचं होतं. वर्षभर घरात तिनं हेच ऐकलं होतं. तोंड उघडतं, शब्द सापडत नाही.

तिनं डेक बंद केला. कॅसेट काढून टेबलावर ठेवली.

खाकरणं चालूच होतं.

तिनं स्पीकरची वायर हातात धरली. "उपटू का गं, आई?"

आई खुर्चीत आरामात मागे टेकली. मान किंचित कलती करून ती ऐकत होती.

"थांब, भिंगरे," आई म्हणाली. "अजून."