हो-नाहीचा सांधा

मिरजेतल्या मेंदूसंवाद प्रयोगशाळेत कुणी पहिल्यांदा आलं की आधी हसायचं. अतिदक्षतेच्या खाटेशेजारी खेळातली रेल्वे! मग खाटेवरच्या शिरीष गुळवण्यांकडे नजर जायची आणि हसू विरायचं. डोळे उघडे, पण बुबुळसुद्धा हलत नाही. श्वास व्हेंटिलेटरचा. आतला मेंदू मात्र ठणठणीत, हेच तर दुर्दैव!

"पडद्यावरचा बाण काही त्यांना हलवता येईना," डॉ. अन्वर मुजावर एका पाहुण्याला म्हणाले. "पण या रेल्वेच्या टेबलावरची बटणं त्यांनी जन्मभर दाबलीत. ती सवय मेंदूत इतकी मुरलीय की आमचा मज्जावाचक तीच बरोबर ओळखतो. कुठलीही आज्ञा आली की हा एकच पिवळा दिवा लागतो."

"डावं बटण म्हणजे रुळांचा सांधा स्टेशनाकडे, हो. उजवं म्हणजे बाहेरच्या फेरीकडे, नाही," ऋता म्हणाली. शिरीषरावांची ही एकुलती मुलगी वीज-अभियंता होती. जोडणी तिनेच केली होती.

"आणि ही डबी कसली?" पाहुण्याने विचारलं.

"धारित्र. सांध्याच्या गुंडाळीत वीज चालू राहिली तर ती जळते. म्हणून वीज आधी इथे साठवायची आणि एका झटक्यात सोडायची. खट्! सांधा फिरला. दिवाळीच्या किल्ल्याभोवती गाडी फिरवायचो ना, तेव्हा बाबांनीच बनवली होती. मी तिला हात लावला नाही."

"लगेच पुन्हा दाबलं तर?"

"छे! जरा दम खाऊ द्यावा लागतो. बटण सोडलं की डबी भरते. तडातडा दाबत बसलं तर भरतच नाही. लहानपणी मी तेच करायचे आणि बोलणी खायचे."

डॉक्टर हसले. महिनाभर सगळं छान चाललं होतं. ऊन डोळ्यांवर येतंय का, गाणं लावू का, अशा प्रश्नांना शिरीषराव एकदाच, शांतपणे आज्ञा देत. खट्. गाडी बरोबर वाटेला लागे.

पण फुप्फुसं सडत चालली होती. वेदना वाढणार होत्या. "मला यंत्राला टांगून ठेवू नका गं," असं धडधाकट असताना शिरीषराव शंभरदा म्हणाले होते. तरी विचारायला हवंच होतं. गाडी त्यांना दिसत असते, म्हणून गाडी जाईल तेच उत्तर, असा प्रयोगशाळेचा नियम होता.

"बाबा, मी ऋता. ओळखलंत ना?"

खट्. सांधा स्टेशनाकडे वळला. हो.

ऋताने दम न घेता लगेच विचारलं, "बाबा, हे श्वासाचं यंत्र बंद करू?"

प्रश्न संपायच्या आतच पिवळा दिवा लागला आणि फडफडत राहिला. गाडी आली, स्टेशनात शिरली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, मग आणखी एकदा. दिवा थांबायलाच तयार नव्हता. गाडी दर वेळी स्टेशनातच.

"किती ठाम आहेत!" डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

ऋताला रडू फुटलं. "बाबा पहिल्यापासून असेच. एकदा ठरवलं की ठरवलं."

गुंगीचं औषध दिलं गेलं. मग यंत्र बंद झालं. ऋताने वडिलांचा हात हातात घेतला. गाडी फिरतच होती. ती थांबवायचं तिच्या जिवावर आलं होतं.

पिवळा दिवा अजून फडफडत होता. हळूहळू त्याची फडफड मंदावली. विझायचा, क्षणभर तसाच राहायचा, पुन्हा लागायचा. मेंदू विझत होता. दोन आज्ञांमधलं अंतर वाढत होतं.

मग दिवा बराच वेळ लागलाच नाही. आणि शेवटचा, अगदी क्षीण असा लागला.

खट्.

सांधा फिरला होता. गाडी स्टेशन सोडून बाहेरच्या फेरीला लागली.

ऋता डबीकडे बघत राहिली. मग किंचाळली, "चालू करा! डॉक्टर, चालू करा! ते नाही म्हणत होते हो! पहिल्यापासून नाही म्हणत होते! डबी भरायला उसंतच मिळाली नाही!"

डॉक्टरांनी झेप घेऊन व्हेंटिलेटर चालू केला. छाती वर आली, खाली गेली. हृदय मात्र बंद पडलं होतं. डॉक्टर दोन्ही हातांनी छाती दाबत राहिले, घाम गळेपर्यंत.

ऋता टेबलाशी जमिनीवर बसली होती. वरून गाडी जात होती, बाहेरच्या फेरीवरून.