लिमलेटचा कागद

"अगं बाई, हे काय?"

मोनालीनं हात झटकन मागे घेतले. दहाही बोटं खोबरेल तेलानं निथळत होती. समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला तरुण ओशाळून हसला. तेलाचा एक ओघळ कपाळावरून थेट भुवईपर्यंत आला होता.

"आईनं लावलं," तो म्हणाला. "डोक्याला मशीन लावणार म्हणलं तर घाबरली. म्हणली, डोकं तापंल, थंड ऱ्हाऊ दे."

"अहो, तेलावर तारा चिकटत न्हाईत! डोकं धुऊन या म्हणून सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं व्हतं. पण आईला कोण सांगणार?"

मग शिरूरच्या बुद्धविहारामागे नळावर सुमितचं डोकं धुतलं गेलं. मोनाली मगानं पाणी ओतत होती, तो शाम्पूची पुडी दातानं फोडत होता, आणि पुण्याहून आलेल्या ललिता मॅडम दारात उभ्या राहून घड्याळ बघत होत्या.

मॅडम मेंदूच्या अभ्यासक. ध्यानाला बसलेल्या माणसाच्या मेंदूत काय चालतं, हे त्यांना मोजायचं होतं. दौंडच्या एका दवाखान्यात मेंदूचा आलेख काढणारी मोनाली त्यांनी रविवारपुरती मागून घेतली होती. आणि सुमितला त्याच्या कंपनीनं ट्रेनिंगला जपानला धाडलं होतं. तिथल्या एका म्हाताऱ्या फोरमननं त्याला झेन मठात नेलं, आणि हा गडी भिंतीकडं तोंड करून बसायला शिकून आला. आता विहारात रोज सकाळी बसायचा.

"ध्यान हितनंच चीनला गेलं, तिथनं जपानला," सुमित म्हणाला. "मी आपलं परत घेऊन आलो."

"कस्टमवाल्यांनी सोडलं व्हय?"

तो हसला. ओले केस बाजूला सारत मोनाली एकेक तार चिकटवू लागली. चिकटेपर्यंत बोटानं दाबून धरायची, मग पुढची... असली शेकडो डोकी तिच्या हाताखालून गेली होती. हे डोकं जरा जास्तच वेळ घेतंय, हे तिलाही कळलं. पण तिनं घाई केली नाही.

"भिंतीकडं बघत बसून विचार तरी कसला करता?"

"कसलाच न्हाई. येतं ते येऊ द्यायचं. जातं ते जाऊ द्यायचं."

हे वाक्य मोनालीला तेव्हा छान वाटलं. पुढे याच वाक्यानं तिची झोप उडवली.

प्रयोग सोपा होता. सुमित भिंतीकडं तोंड करून बसायचा, त्याच्या पाठीमागे लॅपटॉपशी मोनाली. एका डबीतून अधूनमधून 'टिक्' असा आवाज व्हायचा. साध्या माणसाचा मेंदू दोन-चारदा दचकतो आणि मग सोडून देतो, घरातल्या घड्याळाची सवय व्हावी तसा. सुमितच्या मेंदूला ती सवयच होत नव्हती. शेवटची टिक्सुद्धा तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकायचा. मॅडम खूश होत्या.

मोनालीची मात्र पंचाईत. ही पोरगी एका जागी घटकाभर स्वस्थ बसेल तर शपथ! पाय हलव, पदराशी चाळा कर... शेवटी तिनं उपाय काढला. लिमलेटची गोळी. एक संपली की थोड्या वेळानं दुसरी. कागद अगदी हळू सोडायची, तरी तो चुरचुर करायचाच.

असे कितीतरी रविवार गेले. चौफुल्याला एसटी बदलून, न्हावऱ्यावरून शिरूरला येताना तिला वाट सरत नव्हती, आणि परतताना ती सरू नये असं वाटायचं. ती सुमितच्या प्रेमात पडली होती, गळ्यापर्यंत. पण त्याचं काय? प्रत्येक टिक् नवी, प्रत्येक टिक् सारखीच. मग मी बी त्याला एक टिक्च का? आले तर आले, गेले तर गेले?

त्यात मॅडमनी चोरी पकडली. "टिक् नसतानाही मध्येच आलेख का हलतो?" मोनालीनं लिमलेट कबूल केलं आणि मुकाट्यानं बोलणी खाल्ली. प्रयोगाचा आता एकच रविवार उरला होता, त्या दिवशी गोळी बंद!

आणि तो शेवटचा रविवार आला. सोमवारी कासुर्डीची मंडळी तिला बघायला येणार होती. निघताना आई म्हणाली होती, "मनात कुणी असंल तर आजच सांग. उद्या पोहे टाकल्यावर बोलू नको."

तारा चिकटवता चिकटवता मोनालीनं धीर केला. "उद्या... मला बघायला येणारेत. कासुर्डीचे."

सुमितची पाठ जराही हलली नाही.

"बरं," तो म्हणाला.

बरं! एवढंच? तिला रडू फुटायचं बाकी होतं. शेवटची तार तिनं नको तितकी दाबली आणि लॅपटॉपशी जाऊन बसली, दोन्ही हात मांडीखाली दाबून, निपचित.

थोड्याच वेळात मॅडम पडद्यावर वाकल्या. "हे काय चाललंय? टिक् नाही, दुसरा आवाज नाही, आणि हा मेंदू सारखा जागा होतोय. कशाची तरी वाट बघत असल्यासारखा." शेवटी त्यांनी सुस्कारा सोडला. "वाया गेलं आजचं." आणि ड्रायव्हरला फोन लावत त्या बाहेर गेल्या.

मोनाली तारा काढू लागली.

"काय झालं आज तुम्हाला?"

"कागद वाजला न्हाई," तो भिंतीकडंच बघत म्हणाला.

"काय?"

"दर रविवारी कागद वाजला की कळायचं, तुम्ही मागं हाय. आज वाजलाच न्हाई. वाटलं, रागावून गेली... मागं वळून बघता येत न्हाई. नुसती वाट बघत बसलो."

"झेनवाले वाट बघत नसतात."

"म्हणून तर वाया गेलं."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. "मग 'बरं' कशाला म्हणलास रे?"

'रे' ऐकून तो वळला. दोन तारा अजून केसांतच लोंबत होत्या. "मला बसता येतं, मोनाली. बोलता येत न्हाई. जातं ते जाऊ द्यायचं, असं शिकलो... पण तू जाऊ नको. मला तू पाहिजेस."

मोनालीनं पर्समधून फोन काढला. "आई? कासुर्डीकरांना नको म्हणून कळव. ...व्हय, हाय कुणीतरी. उद्या येतोय, त्याच्या आईला घेऊन."

सुमित बघतच राहिला. "उद्या?"

"उद्या. पोहे टाकायचेच हायत." तिनं लिमलेटचा कागद सोडला, मुद्दाम, चांगला चुरचुर वाजवत, आणि गोळी त्याच्या तळहातावर ठेवली.

"आन् आईला सांग, डोक्याला तेल लाव म्हणावं भरपूर. उद्या मशीन न्हाई."