मागच्या फाइलमधले आजोबा

जेवणाची सुट्टी संपल्यावर तिने इम्पोर्ट चालू केला. हॉस्पिटलातल्या प्रत्येकाचं खातं, कुणाच्या कार्डाने कुठलं दार उघडतं, हे सगळं एका डिरेक्टरी सर्व्हरमध्ये होतं. ते एक्स्पोर्ट करून फाइलमध्ये काढायचं आणि इम्पोर्ट करून परत भरायचं. वर्षाकाठची झाडलोटच म्हणा ना. इम्पोर्टची खोड एवढीच, की तो आधी आतलं सगळं पुसतो.

काम संपलं आणि फोन वाजला.

"मॅडम, औषधांचं कपाट उघडत नाहीये," वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या. "आम्ही दोघीही नव्या, दोघींचीही कार्डं चालत नाहीत. पेशंटला श्वास घेता येत नाहीये हो!"

तिने फाइलची तारीख पाहिली. डिस्क भरल्यामुळे सकाळचा एक्स्पोर्ट झालाच नव्हता. तिथे त्याच नावाची गेल्या वर्षीची फाइल पडून होती आणि बाईसाहेबांनी खुशाल तीच भरली होती. वर्षभरात लागलेली माणसं पुसली गेली होती. हाताने भरावीत, तर त्यांच्या कार्डांचे नंबर तिला कुठून ठाऊक असणार?

तेवढ्यात पडद्यावर एका खात्याची नोंद आपोआप उमटली. फोनवरच्या सिस्टरांचीच. मग दुसरीची. मग भराभर बाकीच्यांची.

नोंद करणाऱ्याचं नाव तिने दोनदा वाचलं. आजोबा! अख्खा कॉम्प्युटर विभाग त्यांना तसंच म्हणायचा. तिला हे काम त्यांनीच शिकवलं होतं, शेजारच्या खुर्चीवर बसून. ते वारले तेव्हा त्यांचं खातं तिने रडत रडत पुसलं होतं. जुन्या फाइलबरोबर ते परत आलं होतं.

"उघडलं!" फोनवर सिस्टर जवळजवळ ओरडल्या. "इंजेक्शन दिलं. देवासारख्या धावून आलात हो!"

"मी नव्हे," ती पुटपुटली. तिला रडू फुटलं. एक जीव वाचला होता. आजोबांचे हे उपकार ती कधी फेडणार होती?

नियमाने ते खातं पुन्हा पुसायला हवं होतं. तिचा हात धजेना.

सगळी दारं चालताहेत ना, म्हणून तिने दारांच्या नोंदी उघडल्या.

शेवटची नोंद याच खोलीची होती. आजोबांचं कार्ड. आत.

ते कार्ड तिने स्वतः कात्रीने कापलं होतं.

शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स तिने हळूच उचलून मांडीवर घेतली.