गजऱ्याचा वास

रेवाला कारखान्याच्या पाळणाघरात सोडताना शलाकाने नेहमीसारखं तिचं कपाळ चाचपलं, डब्याचं झाकण दोनदा दाबून पाहिलं आणि भिंतीवरच्या गंधिकेचा हिरवा दिवा लागलाय ना, तेही पाहिलं. तीन वर्षांची रेवा तिकडेच धावली.

"कसला वास?"

"फिनेल," गंधिका म्हणाली. पोरांचा हा दिवसभराचा खेळ होता.

गंधिका म्हणजे बटणाएवढं कृत्रिम नाक. रंगाच्या या कारखान्यात ते प्रत्येकाच्या कॉलरला असायचं. अनोळखी वास आला की गंधिका चिवचिवायची, कसला ते विचारायची, आणि मिळालेलं उत्तर कारखान्यातल्या सगळ्या गंधिका शिकून घ्यायच्या. "माहीत नाही" म्हटलं की पंप बंद, तपासणी, अर्ज. तासभर सगळं ठप्प. म्हणून मागे कुणीतरी "गजरा" म्हणून सुटका करून घेतली आणि तीच रीत पडली. सुपरवायझर दळवीकाकाही गजराच म्हणायचे.

"काका, टकलावर कुठे माळलात?" बायका विचारायच्या.

"मनात माळलाय."

आज तीन नंबरच्या पंपापाशी शलाकाला बुटाच्या पॉलिशसारखा वास आला. नायट्रोबेन्झीन. श्वासातून, कातडीतून रक्तात भिनून ओठ-नखं निळी पाडणारं विष. पाइपच्या जोडापाशी पिवळसर थेंब लोंबत होता आणि गंधिका गप्प होती. तिने ती काढून थेंबाजवळ धरली.

"कसला वास?"

"गजरा," गंधिका म्हणाली.

पंपामागे भिंत, भिंतीमागे पाळणाघर. तिने लाल बटण दाबलं. भोंगा वाजला, पंप थांबला, खिडकीतून आया मुलांना घेऊन फाटकाकडे निघालेल्या दिसल्या.

मग अर्ज. पडद्यावर प्रश्न होता: हा वास पूर्वी आला होता का? किती वेळा?

"आजचंच लिही," मागून दळवीकाका म्हणाले. "उद्या विनाअपघात हजारावा दिवस, पेढे सांगून झालेत. मागचं कशाला उकरतेस? पहिलं नाव तुझंच लागेल, पोरी."

"लागू दे. मी गजरा म्हणाले ते खोडलं नाही, तर गंधिकेला खरा वास कळणार कसा, काका?"

तिने लिहिलं: चार वेळा. खोटं उत्तर दिलं.

काकांनी दारावरच्या नऊशे नव्व्याण्णवच्या पाटीकडे पाहिलं. मग आपल्या कॉलरची गंधिका काढून टेबलावर ठेवली.

"माझे सात लिही." जरा थांबून म्हणाले, "नऊ."

कामाचा कोट उतरवून, कोपरापर्यंत हात धुऊन शलाका फाटकापाशी पळाली. रेवाला कडेवर घेतलं, ओठ पाहिले. गुलाबी होते. शलाकाला हायसं वाटलं. रेवाने मात्र आईच्या केसांत नाक खुपसलं.

"आई, गजरा."

शलाकाने केस हुंगले. पॉलिशचाच वास होता.

"याला गजरा म्हणतात, असं कोण म्हणालं तुला?"

"भिंतीतलं नाक. आम्ही दुपारी झोपतो ना, तेव्हा येतो हा वास."

अजून सकाळच होती. शलाकाने रेवाची मूठ उघडली, एकेक नख उन्हाकडे वळवलं. कडेला जरा निळसर दिसतंय, की तिलाच तसं वाटतंय? आणि अशा किती दुपारी? तो आकडा कोणत्या अर्जात सापडणार होता?